लच्चक्काचं ताजं पाणी

आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ जन्माला आलं की दवाखान्यातून पहिला फोन घरी यायचा आणि दुसरा निरोप लच्चक्काकडे जायचा. तो दुसरा निरोप पोचल्याशिवाय बाळ खऱ्या अर्थाने जन्मलं असं आम्ही धरत नसू. कागदोपत्री ती लक्ष्मीबाई होती, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने वळूनही पाहिलं नसतं. तेलुगू विणकरांचं घर. सासरा हातमागावर, नवराही त्याच मागावर, मुलगा श्रीनिवास यंत्रमागावर. ती स्वतः मात्र धाग्याच्या वाटेला गेली नाही. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे तिचं काम. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या भागात जन्मलेला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथा पडलेला आहे. त्यांतले काही आता चांगले पोटसुटे, मिशाळ गृहस्थ आहेत, आणि ती रस्त्यात दिसली की ते उगीचच सदरा नीट करत.

ती जाऊन आता वर्ष होत आलं. ती मला पुस्तकवाल्या बाई म्हणायची, पण तिच्याविषयी लिहायला बसते आणि एखादं वाक्य लिहून उठते. तिला बोलताना इतकी वर्षं ऐकल्यामुळे कागदावरची लच्चक्का मला फारच गप्प वाटते.

कारण बोलणं हाच तिचा खरा धंदा होता, असं आमच्या गल्लीतल्या बायकांचं मत होतं. तेल चोळणं, डाळीचं पीठ लावणं, पाणी घालणं हे सगळं हातांचं काम. ते हात आपोआप करत. तोंड बाळाशी बोलत असे. आणि ती बाळाला बोबडं काही सांगत नसे, गल्लीतल्या बातम्या सांगत असे. माझ्या मुक्ताच्या वेळी मी खाटेवर पडून ऐकलेलं मला अजून आठवतं.

“ऐक बंगारू. तुला काय म्हायतीच न्हाई. कोपऱ्यावरच्या घरातल्या पोरीचं ठरलं की! पोरगा पुण्यात हाय म्हणे. लई शिकलेला. पण टक्कल पडायला लागलंय. तू कशाला हसतीस? तुझंबी टक्कलच हाय.”

बंगारू म्हणजे सोनं. सगळी बाळं तिच्यासाठी सोनंच होती, मुलगा असो की मुलगी. पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की बाळ किंचाळायला तोंड उघडी, तेवढ्यात लच्चक्का बातमी सुरू करी, आणि बाळ तोंड तसंच उघडं ठेवून ऐकू लागे. बाळंतिणीलाही घराबाहेर काय चाललंय ते या बातम्यांतूनच कळत असे. कुणी तिला थेट विचारलं, “अक्का, मग त्या भांडणाचं पुढे काय झालं?” तर ती रागवायची. “मी लेकराशी बोलतोय. तू मधी बोलू नको.” तिच्या मराठीत ती स्वतःला कधी पुरुषात घाली, कधी बाईत. ते आम्ही कुणी सुधारायला गेलो नाही.

बातम्यांच्या खालोखाल तिचा जीव होता तांब्याच्या बंबावर. तिच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला लागून तो उभा असे, चिंचेने घासून लख्ख केलेला, एखाद्या घरातल्या थोरल्या माणसासारखा. सरपण म्हणजे श्रीनिवासच्या कारखान्यातला टाकाऊ माल: सुताचा गुंता, तेलकट चिंध्या, सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन, आणि बाजारात मिळाल्या तर तुराट्या. चादरींचं रंगीत सूत जळताना धुराला एक कडवट वास येई. गल्लीत शिरणाऱ्याला कळायचं की अक्काचा बंब पेटला. तिच्या लुगड्याला, केसांना, हातांना तो वास कायमचा होता, आणि खोबरेल तेलात मिसळून आला की तो वाईटही वाटत नसे.

पाण्याबद्दल तिची मतं ठाम होती. बंबाचं पाणी उत्तम, कारण ते तापताना बोलतं. गॅसवरचं पाणी उतावळं, लवकर तापतं आणि लवकर निवतं. गीझरवर तर तिचा मुळीच विश्वास नव्हता. “मुकं पाणी हाय ते,” ती म्हणायची. “तापलं का न्हाई, काय सांगतच न्हाई.” पण घरोघरी गीझर आले तशी तिने कुरकुरत त्याला मान्यता दिली. बटण दाबल्यावर पाणी तिच्यासमोर तापत होतं, एवढं तिला पुरेसं होतं.

खरी लढाई झाली ती आमच्या घरात सोलर आला तेव्हा.

माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराला शिकवायला सुरुवात केली. सोलापूरचं ऊन फुकट वाया जातं याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. उन्हाळ्यात गच्चीवर पाय ठेवला की ते चटका बसल्याच्या आनंदात खाली येत आणि म्हणत, “बघ, हे सगळं वाया चाललंय!” शेवटी गच्चीवर काचेच्या नळ्यांची रांग आणि तिच्या डोक्यावर पांढरी टाकी बसली. गीझरचं बटण त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केलं. ही क्रांती झाली आणि थोड्याच दिवसांत मुक्ता बाळंतपणाला आली. नातू झाला. लच्चक्का पाट घेऊन न्हाणीत बसली, बादलीत कोपर बुडवला, आणि तिथूनच ओरडली.

“मास्तर! हे पाणी कधी तापवलं?”

हे दाराशी जाऊन अभिमानाने म्हणाले, “आम्ही नाही तापवलं अक्का, सूर्याने तापवलं.”

“व्हय, पण कधी?”

“काल. दिवसभर तापतं आणि रात्रभर टाकीत गरम राहतं. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.”

अक्काने कोपर बाहेर काढला आणि पदराला पुसला. “म्हणजे शिळं.”

“शिळं कसं होईल? पाणी आहे ते!”

“काल केलेलं आज वापरायचं म्हणजे शिळंच की. लेकराला शिळ्या पाण्यानं न्हाऊ घालू? मी न्हाई.”

यांना वाद आवडायचा. ते म्हणाले, “अक्का, आपल्या नळाला पाणी येतं कधी? चार-चार दिवसांनी. हौदातलं पाणी मग शिळं नाही का? तुझ्या बंबात तू तेच ओततेस.”

मला वाटलं, आता ती निरुत्तर होणार. लच्चक्काने यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती हात-पाय झाडणाऱ्या बाळाकडे पाही.

“तांदूळ वर्षभर डब्यात असतंय. शिळं म्हणताव का त्याला? न्हाई. पण भात रात्री शिजवला की सकाळी शिळा. हौदातलं पाणी तांदूळ हाय, मास्तर. तुमच्या टाकीतलं शिजवलंय.”

न्हाणीत बाळ रडत होतं, खाटेवर मुक्ता तोंडावर पांघरूण घेऊन हसत होती, आणि हे दारात उभे राहून उत्तर शोधत होते. चिकटपट्टी काढायला मात्र ते तयार नव्हते, आणि शिळ्या पाण्याला अक्का हात लावायला तयार नव्हती. त्या दिवशी नातवाची अंघोळ गॅसवरच्या उतावळ्या पाण्याने उरकली.

दुसऱ्या दिवशी तोडगा तिनेच आणला. पदराखाली झाकलेला तांब्या होता. त्यात तिच्या बंबाचं ताजं, वाफाळतं पाणी. तिने तो आमच्या सोलरच्या बादलीत ओतला, हाताने एकदा ढवळलं आणि म्हणाली, “आता झालं ताजं.”

“हे कसं काय?” यांनी विचारलं.

“दुधाला विरजण लावताव की न्हाई? तसंच.”

पुढे गल्लीत कुणी नवा सोलर बसवला की हेच आपणहून सांगायला जात, “अक्काचं विरजण लागेल बरं का.” आणि सोलर तर भराभर येत गेले. पाहता पाहता अर्ध्या गल्लीच्या गच्च्यांवर नळ्या चमकू लागल्या. ज्या घरात बाळ असेल त्या घरी सकाळी अक्काचा तांब्या पोचे. पुढे पुढे म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनाही विरजणाचंच पाणी लागू लागलं, आणि परीक्षेच्या दिवशी मुलांना. गल्लीत आता बंबाची कुणालाच गरज नव्हती, तरी बंब पूर्वीपेक्षा जास्त पेटत होता.

मधे एक सूर्यग्रहण आलं. अक्काच्या डोक्यात त्याचा पेच आमच्या आधी आला होता. सकाळीच ती जिना चढून आली. “मास्तर, आज टाकी रिकामी करा. सूर्यालाच धरलंय तर त्याचं पाणी कसं वापरणार?” नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. भरलेली टाकी सोडून द्यायची या कल्पनेने यांचा चेहरा उतरला. बरीच बोलाचाली झाल्यावर तिने दया दाखवली. पाण्यात तुळस घातली तर चालेल म्हणाली. यांनी एक पान नेलं. अक्का म्हणाली, “एवढ्या मोठ्या टाकीला एक पान?” आणि आमच्या वृंदावनातली अर्धी तुळस तिने खुडून वर पाठवली. ग्रहण सुटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शॉवरमधून एक थेंब येईना. हे स्टुलावर उभे राहून माझ्या भुवयांच्या चिमट्याने शॉवरच्या भोकांतून तुळशीची पानं उपसत होते, आणि अक्का खाली पाटावर बसून नातवाला सांगत होती, “बघ बंगारू, तुझ्या आजोबाच्या नळाला तुळस फुटली.”

ती खोकायला कधी लागली ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. इतकी बोलणारी बाई मधे एकदा खोकली तर तो आम्हाला बोलण्याचाच भाग वाटला. मग बातम्या आखूड होऊ लागल्या. कोपऱ्यावरच्या घराची बातमी सुरू व्हायची, आणि जावयाचं नाव येण्याआधी श्वास संपायचा. ती भिंतीला हात टेकून बसायची, डोळ्यांत पाणी, गळ्याच्या शिरा ताठ. थांबली की बाळ रडू लागे. ती हाताने खूण करी की थांबा, येतोय, आणि पुन्हा सुरू करी. पुन्हा खोकला.

छातीच्या डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट सांगितली. धूर बंद. औषध मी देतो, पण त्या धुरापाशी बसलात तर औषध फुकट आहे. आज बोलता येत नाही, उद्या चालता येणार नाही. ती घरी आली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, “डागदरला काय कळतंय. त्याच्या आईला इचारा, तो कशाच्या पाण्यानं न्हायला.” दुसऱ्या दिवशी बंब पेटलेला होता.

श्रीनिवासची बायको पद्मा ही शांत बाई. सासूला ती अत्तम्मा म्हणायची आणि सहसा उलट बोलायची नाही. तिने श्रीनिवासच्या मागे लागून न्हाणीच्या स्लॅबवर सोलर बसवून घेतला. बाकी घर पत्र्याचं, टाकीचं ओझं पेलणारी जागा तेवढीच. अक्काने त्या सोलरकडे मान वर करूनही पाहिलं नाही. “तुमी न्हावा,” ती म्हणाली. “मला गल्लीला विरजण द्यायचंय. शिळ्याला शिळं कसं लावू?” पद्माने मला येऊन सांगितलं, आणि यांनाही. हे समजावायला गेले आणि आल्यावर एवढंच म्हणाले, “तर्क तिचाच बरोबर आहे. सुरुवात चुकीची आहे, पण तर्क बरोबर आहे.”

आम्ही गल्लीतल्या बायकांनी ठरवून सांगितलं की आम्हाला आता विरजण नको, तशाच पाण्याने न्हाऊ घाल. ती म्हणाली, “मग मला कशाला बोलावताव? नळ सोडायला?” आणि रुसून दोन दिवस कुणाकडेच गेली नाही.

त्याच सुमारास पद्माची मुलगी भाग्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. लच्चक्काची पणती. गल्लीभराची बाळं जिच्या पायांवर वाढली तिच्या पायांवर आता तिचं स्वतःचं चौथ्या पिढीचं बाळ येणार, म्हणून आम्ही सगळ्या पाहायला गेलो होतो. तिने बंब पहाटेपासून पेटवला होता. अंगणात धूर कोंदला होता. ती पाटावर बसली, पाय लांब केले, बाळ पायांवर घेतलं, पहिला तांब्या घातला. बाळाने तोंड उघडलं.

“ऐक बंगारू,” ती म्हणाली, आणि त्यापुढे शब्दच आला नाही.

ती खोकत राहिली. बाळ रडत राहिलं. हात चालू होते, तेल, पीठ, पाणी सगळं नेमकं चालू होतं, पण बाळ निळंजांभळं होईपर्यंत रडत होतं, आणि भाग्या आतून विचारत होती, “काय झालं? पाणी लई गरम हाय का?” अक्काने मान हलवून नाही म्हटलं. शेवटी पद्माने बाळ उचलून पंच्यात गुंडाळलं आणि खाली मान घालूनच म्हणाली, “लेकरू पाण्याला रडत न्हाई, अत्तम्मा. तुमी गप बसताव म्हणून रडतंय.”

एवढंच. लच्चक्का ओल्या पाटावर तशीच बसून राहिली. आम्ही एक-एक करून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनिवास आम्हा दोघांना बोलवायला आला. “अम्मानं बोलावलंय. मास्तरांना तर पाहिजेच म्हणाली.” अंगणात बंब थंड होता. अक्काच्या हातात देव्हाऱ्यातला गंगेचा गडू होता, काशीहून श्रीनिवासने आणलेला, तोंडाला कथलाची झाळ मारून बंद केलेला. असा गडू आमच्याकडेही आहे. तो कशासाठी ठेवतात ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. माणूस जायला निघाला की झाळ फोडतात आणि दोन थेंब तोंडात घालतात.

“मास्तर,” ती दम घेत म्हणाली, “गंगा शिळी होती का?”

हे गोंधळले. “नाही. म्हणजे, तसं मानत नाहीत.”

“इतकी वर्षं गडूत हाय. तरी शिळी न्हाई?”

“नाही.”

“मग तिचं विरजण लावलं तर?”

सगळ्यांत आधी पद्माच्या लक्षात आलं. ती पुढे झाली. “अत्तम्मा, ते तुमच्यासाठी ठेवलंय.”

“माझ्यासाठीच वापरतोय की. शेवटी दोन थेंब तोंडात घालणार, मला काय कळणार हाय तवा? जित्ती असताना बोलायला तोंड पाहिजे.”

तिने नारळ फोडायच्या कोयत्याच्या पाठीने झाळ फोडली. श्रीनिवास शिडी लावून न्हाणीच्या स्लॅबवर चढला, टाकीचं झाकण उघडलं, आणि अख्खा गडू आत ओतला. खाली उभी राहून ती ओरडून सांगत होती की थेंबसुद्धा गडूत ठेवू नको, आणि ओरडताना खोकत होती. मग तिने यांच्याकडे पाहिलं. यांच्या चेहऱ्यावर शंका होती हे तिला दिसलं असावं.

“बोला.”

“अक्का, हे पाणी वापरून संपेल. नवं भरेल. मग गंगा कुठे राहणार?”

“विरजण संपूर्ण संपायच्या आधीच नवं दूध घालतेत, मास्तर. टाकी कधी पूर्ण रिकामी होती का?”

“नाही.”

“मग?”

हे हसले. मी त्यांना वर्गातल्या एखाद्या हुशार मुलाचं उत्तर ऐकून असं हसताना पूर्वी पाहिलं होतं. ते घरी आले, स्वच्छ तांब्या घेऊन परत गेले, अक्काच्या सोलरच्या नळाचं पाणी भरून आणलं आणि गच्चीवर जाऊन आमच्या टाकीत ओतलं. त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर कुणी ना कुणी तांब्या घेऊन चढताना दिसत होतं.

बंब पुन्हा पेटला नाही. तिने तो विकलाही नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तेवढा पेटवू द्या म्हणून ती हट्टाला पेटली, तेव्हा पद्माने त्याच्या पोटात सरपणाऐवजी एक पणती लावून ठेवली. अक्का त्या उजेडाकडे पाहून म्हणाली, “बरं दिसतंय.”

खोकला एका दिवसात गेला नाही. औषधं होती, वाफारे होते, पद्माची नजर होती. पण पावसाळा सरता सरता तिच्या बातम्या लांबू लागल्या. गप्प बसण्याच्या महिन्यांत तिने काही विसरलं नव्हतं; सगळं साठवून ठेवलं होतं. पणतीला न्हाऊ घालताना तिने सगळा मागचा हिशेब पुरा केला: कुणाचं लग्न मोडलं, कुणी गाडी घेतली आणि ती गल्लीत वळत नाही, कुणाच्या सुनेने सासूला मोबाइल शिकवला आणि आता सासू तो सोडत नाही. पाणी निवून जाई तरी बातमी संपत नसे. पणती तोंड उघडं ठेवून ऐकत असे. अंगणातल्या आम्हीही.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. आम्ही तेव्हा पुण्यात, मुक्ताकडे होतो. पद्माने फोनवर सांगितलं की वेळ आली तेव्हा देव्हाऱ्यात गडू नव्हता, तर तिने न्हाणीतला नळ सोडून चमचाभर पाणी घातलं. “चाललं असंल ना हो?” तिने विचारलं. मी म्हटलं, चाललं असणार.

मला शेवटची दिसली ती आम्ही पुण्याला निघालो त्या सकाळी. रिक्षात सामान ठेवत होतो. गल्लीच्या तोंडाशी नवी तीन मजली इमारत झाली आहे, तिथे वरच्या मजल्यावर बाळ झालं होतं. अक्का पाट बगलेत मारून जिन्याशी आली, आम्हाला पाहून थांबली. “कुटं निघालाव?” पुण्याला म्हटलं. “मुक्तीच्या पोराला सांगा, अक्का इचारत होती. दात आले का?” दात केव्हाच येऊन पडायलाही लागलेत, हे म्हणाले. “आँ? मला कुणी सांगितलंच न्हाई!” असं म्हणून ती जिना चढू लागली, आणि वर दार उघडायच्या आतच तिने त्या अजून न पाहिलेल्या बाळाला बातमी द्यायला सुरुवात केली. “ऐक बंगारू, पुस्तकवाल्या बाई पुण्याला चालल्या, मास्तरबी चालले, त्यांच्या नातवाचे दात पडले आणि मला कुणी...” हे म्हणाले, चला, गाडी चुकेल. मी म्हटलं, थांबा जरा. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला, मग दुसऱ्याच्या. पायऱ्या चढत होती, बोलत होती. रिक्षा सुरू झाली तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर पोचली असावी. वाक्य अजून संपलेलं नव्हतं.